हलकं स्टेअरिंग जड करून घेताना

आमच्या गॅरेजमध्ये गाडीखाली कायम एक पुठ्ठा अंथरलेला असायचा. नवा फ्रीज आला होता, त्याच्या खोक्याचा. रविवारी गाडी बाहेर काढली की पुठ्ठ्यावर ताजा तांबडा डाग, डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला. नवरा कॉफीचा मग घेऊन दारात उभा राहायचा आणि विचारायचा, "आज किती कुंकू सांडलं?"

गाडी १९६६ ची फोर्ड मस्टँग. दोन दारांची हार्डटॉप, २८९ घन इंचांचं व्ही-८ इंजिन, ऑटोमॅटिक गिअर. चासी नंबर '६एफ०७सी'ने सुरू होतो. सहा म्हणजे वर्ष, एफ म्हणजे मिशिगनमधल्या डिअरबॉर्नचा कारखाना, शून्य-सात म्हणजे हार्डटॉप आणि सी म्हणजे हे इंजिन. आमचं घर डिअरबॉर्नपासून चाळीस मिनिटांवर आहे, म्हणजे गाडी गावातलीच, आम्हीच बाहेरचे. मी मूळची कोल्हापूरची. पोटापाण्यासाठी गाड्यांच्या वायरिंगचे आराखडे तपासते, त्यामुळे ग्रीसमध्ये हात घालायची वेळ ऑफिसात येत नाही. ती हौस घरी भागवते.

डाग होता पॉवर स्टेअरिंगच्या तेलाचा. आजच्या बहुतेक गाड्यांत स्टेअरिंगला मिळणारी मदत आतल्या आत असते. या मस्टँगमध्ये ती बाहेरून टांगलेली आहे. स्टेअरिंग बॉक्स साधाच. त्यातून खाली पिटमन आर्म येतो, तो सेंटर लिंकला डावी-उजवीकडे ढकलतो. लिंकचं दुसरं टोक उजवीकडे आयडलर आर्मवर झुलतं, आणि लिंकवरून टाय रॉड दोन्ही चाकांकडे जातात. पॉवरवाल्या गाडीत पिटमन आर्म आणि सेंटर लिंक यांच्या मध्येच एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो. आर्म हलला की व्हॉल्व्हमधला दांडा केसभर सरकतो, पंपाचं तेल रॅममध्ये, म्हणजे तेलाच्या दाबानं दांडा सरकवणाऱ्या नळकांड्यात, शिरतं आणि रॅम लिंकला रेटतो. पंप, व्हॉल्व्ह, रॅम आणि चार होज. गळायला एवढ्या जागा.

व्हॉल्व्ह मी आधी एकदा खोलून त्याचे सील बदलले होते. सहा महिने पुठ्ठा कोरडा राहिला. मग रॅमच्या दांड्यापाशी ओल दिसायला लागली, आणि तिच्यापाठोपाठ पुन्हा व्हॉल्व्ह. तेल गळायचं ते गळायचंच, वर हायवेवर सरळ जाताना स्टेअरिंग एका बोटानं इकडेतिकडे हलायचं आणि गाडीला पत्ताच नसायचा. मला त्या लोण्यासारख्या हलकेपणाचा कंटाळा आला होता. ठरवलं, हे सगळं काढून टाकायचं आणि गाडी साध्या, म्हणजे मॅन्युअल स्टेअरिंगवर आणायची. १९६६ साली असंख्य मस्टँग साध्या स्टेअरिंगसहच बाहेर पडल्या होत्या. म्हणजे मी काही नवं करत नव्हते.

मंडळातल्या मित्रांना सांगितलं तर निम्म्यांना वाटलं, मी गिअर मॅन्युअल करतेय. उरलेले निम्मे म्हणाले, "पट्टा काढून टाक की पंपाचा, झालं!" हा सल्ला मला निदान पाच जणांनी दिला. पण पट्टा काढला तरी रॅम आणि होज तेलानं भरलेले राहतात, आणि प्रत्येक वळणाला ते तेल तुमच्या हातांच्या ताकदीनं इकडून तिकडे ढकलावं लागतं. शिवाय व्हॉल्व्हमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, तसाच मध्ये बसलेला. असली गाडी साध्या स्टेअरिंगपेक्षा जड चालते आणि पॉवर स्टेअरिंगपेक्षा ढिली.

म्हणून सामान मागवलं. गंमत इथेच कळायला लागली. काढायचं काय तर पंप, व्हॉल्व्ह, रॅम आणि होज. पण त्यासाठी आणायचं काय? सेंटर लिंक नवी, कारण जुनीच्या टोकाला व्हॉल्व्हचे आटे आहेत. पिटमन आर्म नवा. आयडलर आर्म नवा. आतले टाय रॉडही मॅन्युअलचे वेगळे येतात. आणि एवढं खोलतोयच तर बाहेरचे टाय रॉड एंड, त्यांचे स्लीव्ह आणि क्लॅम्प का जुने ठेवायचे? सहा सिलिंडरच्या मस्टँगचे भाग वेगळे आणि व्ही-८ चे वेगळे, त्यामुळे प्रत्येक वस्तू मागवताना इंजिन, साल आणि स्टेअरिंगचा प्रकार असं तीन ठिकाणी जुळवून बघावं लागतं. साडेतीनशे डॉलर गेले. एक गोष्ट कमी करायला एवढं सामान घरात आलं.

एप्रिलच्या अखेरीस गाडी जॅक स्टँडवर चढवली आणि पहिल्यांदा तेल काढलं. होज सोडायचे, खाली तसराळं ठेवायचं, आणि चाकं अधांतरी असताना स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं. रॅममधलं तेल पिचकारीसारखं बाहेर येतं. तसराळ्यातच येतं असं नाही. पंप आणि त्याचं ब्रॅकेट काढताना एक लक्षात ठेवावं लागतं: ब्रॅकेट गेलं की त्याच्या जाडीएवढा बोल्ट लांब उरतो. तोच परत लावला तर तो भोकाच्या बुडाला टेकतो, आवळल्यासारखा वाटतो, पण काहीच धरत नाही. मी आखूड बोल्ट आणले.

टाय रॉड सुटणं ही पहिली परीक्षा. टोकाची खुंटी निमुळती असते आणि तशाच निमुळत्या भोकात रुतून बसते. वरचा नट काढला, स्प्लिट पिन काढली, तरी ती हलत नाही. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात. माझ्या आधीच्या मालकानं ही गाडी किती हिवाळे चालवली, ते त्या सांध्यांवरच्या गंजाच्या थरांवरून कळत होतं. दोन दातांचा फाळ मध्ये ठोकून सांधा सुटतो खरा, पण रबरी बूट फाटतं. जुने टाय रॉड टाकायचेच होते, म्हणून बूटाची पर्वा नव्हती. शेजारी टूलरूममधून निवृत्त झालेले एक आजोबा राहतात. ते कुंपणापाशी येऊन बघत होते. त्यांनी फाळ बाजूला ठेवायला लावला आणि दोन हातोडे मागितले. एक जड हातोडा भोकाच्या एका बाजूला नुसता टेकवून धरला आणि दुसऱ्यानं समोरच्या बाजूला एकच दणका दिला. टाय रॉड खाली लोंबला. बूट शाबूत. आजोबा म्हणाले, "सांध्याला मारायचं नसतं, त्याच्या घराला मारायचं असतं."

पिटमन आर्मला मात्र हातोडा चालत नाही. आर्म सेक्टर शाफ्टच्या, म्हणजे बॉक्समधून खाली येणाऱ्या दांड्याच्या, दात्यांवर घट्ट बसलेला असतो, आणि शाफ्टवर ठोकलं तर दणका थेट बॉक्समधल्या बेअरिंगला आणि दात्यांना जातो. तिथे पुलर, म्हणजे ओढून काढायचं अवजारच हवं, तेही पिटमनसाठीचंच. मी पुलर लावला, पाना फिरवत गेले, ताण एवढा आला की पानाच वाकतोय असं वाटलं. आर्म ढिम्म. त्या वेळी कोल्हापुरात रात्रीचे नऊ झाले होते. मामाला व्हिडिओ कॉल लावला. मामाचं गॅरेज होतं, तिथे ट्रक यायचे. माझं निम्मं लहानपण त्या गॅरेजच्या ओट्यावर गेलं.

मामानं मोबाइलमध्ये डोळा घातल्यासारखं बघितलं. "पुलर ताणलायस न्हवं? मग आता सोड त्याला. जेवून ये."

"मामा, इथं सकाळचे अकरा-साडेअकरा वाजलेत."

"मग न्याहारी करून ये. लोखंडाला येळ द्यावा लागतोय, पोरी."

मी आत जाऊन थालीपीठ लावलं. दुसरं तव्यावर असताना गॅरेजमधून बंदुकीचा बार उडाल्यासारखा आवाज आला. नवरा पळत आला, मीही पळाले. पिटमन आर्म पुलरसकट पंधरा-वीस सेंटिमीटर लांब जाऊन पडला होता. शाफ्टचा नट मी पूर्ण काढला होता, तिथे चूक झाली. दोन आटे तरी नट ठेवला असता तर आर्म तिथल्या तिथे अडला असता. मी खाली झोपलेली नव्हते, एवढंच नशीब. मामाला हे कळवलं तेव्हा त्यानं जे शब्द वापरले ते इथे लिहिता येत नाहीत.

नवा पिटमन आर्म खोक्यातून काढला आणि शाफ्टवर चढवला. चढला काय, घरंगळत वर गेला. बोटानं हलतोय! क्षणभर वाटलं, शाफ्टचेच दाते गेले. मग कॅलिपर लावला. १९६५-६६ च्या मस्टँगला सेक्टर शाफ्ट एक इंचाचा असतो आणि १९६७ पासून एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचा. खोक्यावरचं लेबल बरोबर होतं, आतला आर्म पुढच्या सालांचा. दुकानदारानं बदलून दिला, पण त्यात दहा दिवस गेले आणि परत पाठवायचा खर्च माझा झाला. तेव्हापासून खोकं आलं की मी आधी कॅलिपर लावते, मग पैसे दिल्याचं समाधान मानते.

बरोबर आर्म आला तो दाबून बसवावा लागला, तसाच बसायला हवा. त्याचा नट दीडशे ते सव्वादोनशे फूट-पाउंडांना आवळायचा असतो. माझ्या वजनात ते सहज येत नाही. टॉर्क रेंचवर दोन्ही हातांनी लोंबकळले, मग एकदाचा 'टक' झाला.

सेंटर लिंक, टाय रॉड वगैरे बसवणं त्यामानानं सरळ. जुन्या टाय रॉडची एका खुंटीच्या मध्यापासून दुसऱ्या खुंटीच्या मध्यापर्यंत लांबी मोजून ठेवली होती. नवे आतले टाय रॉड वेगळ्या मापाचे असल्यामुळे आटे मोजण्यात अर्थ नव्हता आणि ही लांबीही अंदाजापुरतीच उपयोगी. स्लीव्हच्या एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे स्लीव्ह फिरवला की दोन्ही टोकं एकदम आत नाहीतर एकदम बाहेर जातात. पुढच्या टायरांच्या समोरच्या आणि मागच्या बाजूंमधलं अंतर टेपनं मोजलं आणि टायर समोरून अष्टमांश इंच जवळ येतील असे लावले. अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत जायला तेवढं पुरतं.

तिथपर्यंत गाडी गेली. उजवीकडे ओढत गेली. दुकानात मशीनवर सगळं लावून दिलं, कागदावर सगळे आकडे हिरवे. घरी येताना गाडी पुन्हा उजवीकडे. सरळ रस्त्यावर हात सोडला की चाक स्वतःहून उजवीकडे वळायचं, जणू त्याला तिकडे काहीतरी आठवतंय. टायरची हवा बघितली, ब्रेक घासतोय का बघितलं. दुसऱ्या दुकानात परत अलाइनमेंट केली. आकडे परत हिरवे, पैसे परत गेले.

दोष माझा होता आणि तो आयडलर आर्ममध्ये होता. या गाडीच्या मूळ पद्धतीच्या आयडलर आर्मला रबरी बुश असतात. ते रबर घासत फिरत नाही, आतल्या-बाहेरच्या दोन्ही नळ्यांना धरून राहतं आणि नुसतं पीळ खातं. म्हणून त्याचे नट चाकं अगदी सरळ असतानाच आवळायचे असतात. मग डावीकडे वळा की उजवीकडे, रबर पीळ खातं आणि परत सरळ येऊ बघतं. मी आवळले तेव्हा चाकं उजवीकडे वळवून ठेवली होती, कारण तसं केल्यावर माझा हात आत जात होता. त्या बिचाऱ्या रबराला 'सरळ' म्हणजे उजवीकडे, असंच मी शिकवून ठेवलं होतं. हे आजोबांनी ओळखलं. त्यांनी गाडी चालवलीही नाही, फक्त विचारलं, "आवळताना चाक कुठे होतं?" नट ढिले केले, स्टेअरिंग मध्यावर आणलं, परत आवळले. दहा मिनिटांचं काम. दोन अलाइनमेंटचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

आता जडपणाबद्दल. तो पहिल्यांदा खरा कळला इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये. दोन मिनीव्हॅनच्या मधली जागा, शनिवारची संध्याकाळ, मागे हॉर्न. मी गाडी उभी करून चाक पिरगाळायला लागले. कोल्हापुरात आजोळी विहिरीवर रहाट होता, त्याची आठवण झाली. पाय फ्लोअरला रोवून, खांदे लावून अर्धा फेरा. परत पकड बदलून अर्धा फेरा. कोथिंबीर घेऊन एक काकू थांबून बघत होत्या.

रात्री मामाला सांगितलं.

"अगं, उभ्या गाडीत स्टेअरिंग पिरगाळतीस व्हय? गाडी जरा गडगडू दे, मग फिरव. तुला ओट्यावर बसून काय दिसत हुतं एवढी वर्षं?"

खरंच की. मामाच्या गॅरेजात ट्रक मागे घेणारे ड्रायव्हर ब्रेकवरचा पाय जरा सैल करायचे आणि ट्रक पेरभर सरकत असतानाच ते मोठं चाक भराभरा फिरवायचे. टायर गडगडत असला की रस्त्यावर घासत नाही, म्हणून निम्मी ताकद वाचते. वीस वर्षं पॉवर स्टेअरिंग चालवून मी हे साफ विसरले होते. टायरची हवाही थोडी वाढवली. फरक पडला, पण पुरेसा नाही.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते. १९९५ पासून, २०२० सोडलं तर, दर वर्षी जुन्या गाड्या वुडवर्ड अव्हेन्यूवर वर-खाली फिरतात. मीही गेले. सरळ रस्ता, गाड्या मुंगीच्या पावलानं, मला वाटलं स्टेअरिंगला कामच नाही. पण वुडवर्डवर बहुतेक ठिकाणी थेट डावीकडे वळता येत नाही. पुढे जाऊन दुभाजकातल्या फटीतून पूर्ण उलटं फिरायचं आणि मग हवं तिकडे जायचं. मिशिगनमधल्या बऱ्याच दुभाजकवाल्या रस्त्यांवर हीच तऱ्हा. त्या दिवशी असे सात-आठ वळसे घेतले. दुसऱ्या दिवशी पोळ्या नवऱ्यानं लाटल्या, नकाशे झाले पण मी खाल्ल्या.

एवढ्या जडपणाचं कारण मला आधीपासून माहीत होतं, फक्त त्याला हात घालायचं टाळत होते. माझ्या बॉक्सच्या झाकणाच्या बोल्टखाली एक पत्र्याची चकती आहे, तिच्यावर 'एचसीसी-एएक्स' कोरलंय. हा पॉवरवाल्या गाडीचा बॉक्स, प्रमाण १६ ला १. मॅन्युअल गाडीला 'एचसीसी-एटी' यायचा, १९.९ ला १. म्हणजे चाक जास्त फिरवायचं, पण हलकं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावणेचारच्या आसपास फेरे होते, ते साडेचाराच्या वर जातात. काही लोक मुद्दाम १६ चा ठेवतात, त्यांना तो चपळपणा आवडतो. त्यांचे दंड माझ्यापेक्षा जाड असावेत.

बॉक्स टाळण्याचं कारण असं की या सालच्या मस्टँगमध्ये बॉक्स आणि स्टेअरिंगचा लांब शाफ्ट एकच वस्तू आहे. बॉक्स इंजिनाशेजारी आणि शाफ्टचं टोक थेट तुमच्या हातातल्या चाकापाशी. बॉक्स काढायचा म्हणजे स्टेअरिंगचं चाक काढा, इंडिकेटरच्या वायरी सोडा, कॉलमची नळी केबिनमधून मागे ओढून घ्या, मग डाव्या बाजूचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उतरवा आणि गाडीचं तोंड एवढं उंच करा की तो भाल्यासारखा लांब शाफ्ट खालून निघेल. डिसेंबरातले दोन शनिवार-रविवार त्यात गेले. मॅनिफोल्डचे बोल्ट तुटतील म्हणून चार दिवस आधीपासून रोज संध्याकाळी त्यांना तेल पाजत होते. एकही तुटला नाही. या सगळ्या प्रकरणात मला ज्याचा खरा अभिमान वाटतो ते हेच.

१९.९ चा बॉक्स दुरुस्त करून मिळतो तो घेतला. त्यातल्या दात्यांची पकड इंच-पाउंडांत मोजून लावतात, फूट-पाउंडांत नव्हे. ती आधीच लावलेली होती म्हणून मी तिथला स्क्रू हलवला नाही. बॉक्स वर चढवताना मी खाली होते आणि नवरा आत बसून शाफ्टचं टोक ओढत होता. "अजून?" "अजून." "आता?" "अरे, उलट्या बाजूला!" आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, एवढं बोलणं सलग कधी झालं नव्हतं. पिटमन आर्म पुन्हा काढावा-घालावा लागला. या वेळी नट दोन आट्यांवर ठेवला होता. बार उडाला, पण आर्म जागच्या जागी.

मार्चमध्ये रस्त्यावरचं मीठ पावसानं धुऊन निघाल्यावर गाडी बाहेर काढली. ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये आता ती चालते. लोण्यासारखी नाही, कणीक मळल्यासारखी. हायवेवर सरळ धरली की सरळ राहते, आणि टायरखालून रस्त्याचा सांधा गेला की हाताला बारीक ठक लागते. माझ्या मुलाला मात्र चालवायला देत नाही. तो उभ्या गाडीत पिरगाळतो.

काढलेलं सामान टाकवत नाही. कधी कोणी गाडी विकत घेतलीच तर मूळ भाग हवे म्हणेल, म्हणून पंप, व्हॉल्व्ह आणि रॅम गॅरेजच्या फळीवर ठेवलेत. रॅममध्ये अजून कुठेतरी तेल उरलंय. परवा बघितलं, फळीवरून थेंब खाली पडत होता. पुठ्ठा सरकवून त्याच्याखाली घातला.